लालबागची मुलगी नको?

‘मुंबईला कुठं असता?’ हा प्रश्न गावाकडच्या लग्नात, जत्रेत, एस.टी.त हमखास येतो. ठाणे, बोरिवली, डोंबिवली असं उत्तर मिळालं की विचारणारी मान डोलावते आणि विषय संपतो. मी काळाचौकी म्हणते. ते कुठं आलं हे कळत नाही, म्हणून मग लालबाग म्हणते. समोरच्या बाईला आधी गणपती आठवतो. आणि मग आवाज खाली आणून ती विचारते, ‘तिकडं राहता होय? ते टोळीवाल्यांचं ना हो?’

माझं माहेर महाबळेश्वर तालुक्यातलं, तापोळ्याच्या बाजूचं. १९८८ साली लग्न होऊन गिरणगावात आले, ती तिथलीच झाले. तेव्हा संप होऊन सहा वर्षं झाली होती. भोंगे काही गिरण्यांचे वाजत होते, काहींचे बंद पडले होते. आता एकही वाजत नाही. पण नाव मात्र चिकटलेलं आहे, आणि ते कोणाला भोवतं हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलेय.

आमच्या चाळीतल्या एका मुलीला मध्यंतरी वाईकडचं स्थळ आलं होतं. मुलगी बी.कॉम., लोअर परळला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला, ‘लोअर परळला ऑफिस’ म्हटल्यावर मंडळी खूशच झाली. मग घरचा पत्ता कळला. चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, ‘मुलगी चांगली आहे, पण लालबाग-परळात वाढलेली. तिथलं वातावरण…’ पुढचं वाक्य नेहमीप्रमाणे अर्धंच सोडलेलं. गंमत अशी, की मुलाचे आजोबा तीस वर्षं परळच्या गिरणीत साच्यावर होते. गावचं घर त्यांच्याच फंडातून बांधलेलं. आणि मुलीचं ते काचेचं ऑफिस, ज्याचं एवढं कौतुक, तेही एका गिरणीच्याच जागेवर उभं आहे. ऑफिसचा पत्ता चालतो, घराचा चालत नाही. दोन्हीत अंतर किती, तर चालत अर्धा तास!

मैत्रिणींनो, सातारा-सांगलीच्या किती घरांत गिरणीचा पैसा आला, याचा कधी हिशेब मांडलाय का? १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढायला घेतली, तेव्हापासून घाटावरची आणि कोकणातली माणसं तिकडं जात राहिली. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे गिरणीत काम करूनच पुढं एवढे मोठे झाले. आमच्या खोऱ्यात तर साठच्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढलं, चांगली जमीन पाण्याखाली गेली, मग मुंबईशिवाय होतं काय? गावोगावची पोरं गावकीच्या गाळ्यात राहायची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस पुरुष, पाळीप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. महिन्याला मनीऑर्डर गावी. आमच्याकडं देवळाच्या भिंतीवर ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांजकडून’ अशी फरशी आहे. तुमच्याही गावात असेल, बघा.

ही माणसं जेवत कुठं होती? खानावळीत. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अठरा माणसांची खानावळ चालवायच्या. राहत्या खोलीतच. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा तो रात्री अकराला विझायचा. रॉकेलच्या रांगेत माझ्या नणंदा उभ्या राहून मोठ्या झाल्या. पैसे पगार झाला की मिळायचे, तोवर किराणा उधारीवर आणि उधारी सावकाराच्या व्याजावर. अशा बायका गिरणगावात हजारोंनी होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा कुठं सावकाराचा विळखा जरा सैल झाला. त्याआधीच्या पिढीत बायका स्वतः गिरणीतही मोठ्या संख्येनं होत्या. धाग्याच्या, वाइंडिंगच्या खात्यात. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, चांगला कायदा, पण मालकांना बाई महाग वाटू लागली. यंत्रंही बदलली. हळूहळू बायका खात्यातून बाहेर पडल्या आणि चुलीपाशी आल्या.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. कायद्यानं मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. त्यामुळे बोलणी करायची कोणाशी, इथपासूनच गाडं अडलं. संप कुणी रीतसर मागं घेतलाच नाही, तो विरत गेला. ज्यांची गावी शेती होती ते गावी परतले. ज्यांचं सगळं बिऱ्हाड मुंबईत, ते अडकले. आत्याबाईंनी बोरमाळ मोडली, मग पुतळ्या. जेवणाऱ्यांकडं पैसे नाहीत म्हणून एकालाही ताटावरून उठवलं नाही असं त्या सांगायच्या. मामंजींचं म्हणणं मात्र वेगळं होतं. शेवटी शेवटी डाळीत पाणीच असायचं, म्हणायचे.

आता टोळ्यांचं. नव्हत्या असं मी मुळीच म्हणणार नाही. आम्ही त्यातच राहिलो. पूर्वी बापाच्या ओळखीनं मुलगा बदलीवर लागायचा आणि पुढं कधीतरी कायम व्हायचा. गिरण्या बंद पडल्यावर अठरा-वीस वर्षांची पोरं नाक्यावर आली. तिथं त्यांना कोणीतरी हेरलं, पैसे दाखवले. नव्वदच्या दशकात कोणाचा मुलगा कधी उचलला जाईल, कोणाचा पोलिसांच्या गोळीनं जाईल, याचा नेम नव्हता. पण ही टोळीबाजी फोफावली कशावर? १९९१ साली गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला परवानगी देणारा नियम आला आणि त्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९४ साली खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात गोळ्या घातल्या. १६ जानेवारी १९९७ ला दत्ता सामंतांना पवईत मारलं. नाक्यावरच्या पोराला यातून काय मिळालं? फोटोला हार. आणि त्याच्या आईला ‘टोळीवाल्याची आई’ हे नाव. त्यातल्या दोघीजणी मला रोज पाण्याच्या नळावर भेटायच्या. त्यांच्याशी कोणी फारसं बोलत नसे.

सिनेमावाल्यांनी पुढं यावर सिनेमे काढले. २०१० साली ‘लालबाग परळ’, २०१५ साली ‘दगडी चाळ’. गावाकडच्या लोकांनी लालबाग पाहिलं ते बहुतेक यातूनच. पहिला सिनेमा जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावरून घेतलेला. त्या नाटकात घर सावरू पाहणारी आई आहे, पण ‘बघितला का हो तो पिक्चर’ म्हणून मला विचारणाऱ्या कोणालाही ती आठवत नाही. पिस्तूल तेवढं आठवतं.

आज मुलीसाठी इथं भीती कशाची, असं मला विचाराल तर सांगते. चाळीत रात्री बारा वाजता मुलगी आली तर तीन दारं उघडी असतात. कोणाची तरी आजी गॅलरीत बसलेली असतेच. (खाजगीपण नाही, हा त्याचाच दुसरा भाग. पोरींना तो जाचतो आणि त्यांचं चूक नाही.) भीती आहे ती गर्दीची आणि घाईघाईनं उभ्या राहिलेल्या झगमगाटाची. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, लाखो माणसं आली, पण एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथं चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलला आग लागली, १४ जण गेले, त्यात ११ बायका. तरी ‘लोअर परळला नोकरी करणारी मुलगी नको’ असं काही कोणी म्हणालं नाही!

मला एवढंच वाटतं, की स्थळ बघताना मुलगी काय करते, तिच्या घरात कोण कसं वागतं, ते जरूर बघा. दहा वेळा चौकशी करा. आम्हीही करतोच की. पण ज्या वस्तीनं तुमच्या आज्याला भाकरी दिली, तिच्या नावानं नाक मुरडताना निदान लाज वाटायला हवी. ती मुलगी त्या निरोपावर चिडली नाही. आईला म्हणाली, ‘यापुढं पत्ता आधी सांगायचा, पत्रिका नंतर.’ मला तिचं पटलं.

हा पत्ता किती दिवस राहील हाही प्रश्नच आहे म्हणा. जमिनीचा एक हिस्सा कामगारांच्या घरांना, असा १९९१ चा नियम होता. २००१ साली तो बदलला. नुसती मोकळी जागाच हिशेबात धरायची ठरली आणि वाटा आटला. २०१२ साली म्हाडाची पहिली लॉटरी निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज दीड लाखाच्या आसपास. आता शेलू-वांगणीला घरं देऊ म्हणतात. मुंबईतच घर हवं म्हणून २०२५ च्या जुलैत म्हातारी माणसं आझाद मैदानावर जमली होती, कितीतरी जणी नवऱ्याच्या वारस म्हणून आलेल्या. आमचाही अर्ज आहे, मामंजींच्या नावानं. १ जानेवारी १९८२ ला ते हजेरीपटावर होते, त्याचा कागद लागतो, तो सापडला. आत्याबाईंच्या अठरा माणसांचा मात्र कुठं कागद नाही. त्यांची उधारीची वही होती, ती २००५ च्या पावसात भिजली.