‘मूकनायक’ म्हणणाऱ्यांनी हा कायदाही वाचावा

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. तो दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. पण आपल्याच वस्तीतल्या ज्या पोराला ऐकू येत नाही, त्याला हाक मारतो ‘ए बहिऱ्या’, ‘ए मुक्या’. मित्रांनो, यातून आम्हीही सुटलेलो नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे कलम 92 काढून बघा. लोकांसमक्ष दिव्यांग माणसाचा जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. ओळखीचे वाटते ना? ॲट्रॉसिटी कायद्यात जवळजवळ हेच शब्द, हीच शिक्षा. एक कायदा आपल्याला तोंडपाठ, दुसऱ्याचे नावही ठाऊक नाही.

या कायद्याने बहिरेपण डेसिबलमध्ये मोजले आहे. दोन्ही कानांनी 70 डेसिबलपर्यंतचे ऐकू येत नसेल तर कर्णबधिर. 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारा. 55 वाल्या पोराला वर्गात मास्तर काय शिकवतात ते नीट कळत नाही, पण तो व्याख्येत बसत नाही. नोकरीतले 4 टक्के आणि उच्च शिक्षणातले 5 टक्के आरक्षण 40 टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळते, आणि ते प्रमाणपत्र ऑडिओलॉजिस्टने लिहिलेल्या आकड्यावर. तेव्हा या तज्ज्ञांनी दयेची भाषा सोडावी. त्यांच्या हातात आपल्या पोरांचा हक्क आहे.

कलम 25 म्हणते, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या दिव्यांगांना जवळच, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा द्या. पालम-सोनपेठच्या मजूर बाईने रोज बुडवून पोराला परभणीला आणायचे, हे कुठले ‘जवळ’? शिबिरात श्रवणयंत्रे वाटतात, फोटो निघतो. यंत्र कानात घातले म्हणून पोर बोलायला लागत नाही. त्याला महिनोन्‌महिने वाचा-उपचार लागतात, आणि दिवाळीच्या आसपास तर कुटुंब ऊसतोडीला निघून जाते. मग यंत्र विकणाराच ‘डॉक्टर’ होऊन बसतो. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड किती? हजार रुपयांपर्यंत! कैदेची तरतूद एक वर्षापर्यंत आहे, एवढेच समाधान.

आपल्या बारावी सायन्सच्या पोरांना एमबीबीएसपलीकडे काही दिसत नाही. बीएएसएलपी हा इंटर्नशिप धरून चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. चैत्यभूमीला जाल तेव्हा एक दिवस जास्त काढा. दादरहून वांद्रे काही मिनिटांवर आहे. तिथल्या अली यावर जंग संस्थेत प्रवेशाची चौकशी करून या.

तोवर नऊही तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेल्या वारी ऑडिओलॉजिस्ट बसावा, असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे आहे. त्यात कलम 25 चा उल्लेख हवाच, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरायचे नाही.