मोठ्ठ्या माणसाचं पत्र

गेल्या रविवारी मामाकडे थालीपीठ खायला गेलो आणि भांडण करून आलो. विषय होता मामेबहिणीची मेडिकल स्कूलची ॲडमिशन. मामी मधल्या मधे दोघांच्या ताटात लोणी वाढत होती.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे प्रकरण जरा चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे कसं, बारावी झाली, नीट दिली, ७२० पैकी किती पडले तो आकडा सांगितला की संपलं. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात हे कोणी विचारत नाही. (डॉक्टर झाल्यावरही बरेचदा कोणी विचारत नाही, पण ते असो.) अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज, मग एमकॅट, मग पुन्हा चार वर्षांचा एमडी. अर्ज बहुतेक ठिकाणी एमकॅस नावाच्या एकाच सिस्टिममधून जातो. मे महिन्याच्या सुरुवातीला ती उघडते आणि महिनाअखेरीला अर्ज सबमिट करता येतो. त्यात मार्क, एमकॅटचा स्कोअर, निबंध, कुठे काय काम केलं याची यादी, आणि पत्रं. रेकमेंडेशन लेटर्स. आपल्या एमएसवाल्यांच्या भाषेत 'रेको'.

एमकॅसमध्ये जास्तीत जास्त दहा पत्रं लावता येतात आणि कुठल्या कॉलेजला कुठलं पत्र जाईल हे आपण ठरवतो. बऱ्याच ठिकाणी दोन सायन्सचे प्रोफेसर आणि एक सायन्सबाहेरचा, अशी अपेक्षा असते. काही कॉलेजांत प्री-हेल्थ कमिटी असते, ती सगळ्यांचं मिळून एक पत्र पाठवते. आमच्या बाईसाहेबांच्या कॉलेजात ती भानगड नाही, त्यामुळे माणसं तिलाच शोधायची होती.

मामाच्या मते शोधायचं काही कारणच नव्हतं. मराठी मंडळात एक मोठे कार्डिऑलॉजिस्ट येतात. गणपतीत आरतीला पुढे उभे असतात ते. "त्यांचं एक पत्र आलं की काम झालं. अरे, डिपार्टमेंटचा चीफ आहे तो माणूस!" बहीण त्यांच्या मागे दोन दिवस हॉस्पिटलमध्ये फिरली आहे, शॅडोइंग का काय म्हणतात ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारली.

आता मला सांगा, हा माणूस लिहिणार काय? "मी या मुलीला ओळखतो, कुटुंब सुसंस्कृत आहे, मुलगी हुशार व कष्टाळू आहे." बास. आमच्या ऑफिसातलं उदाहरण देतो. कोड रिव्ह्यूला व्हीपीने नुसतं 'लुक्स गुड' लिहिलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्यांनी फाइल उघडली नाही. आणि शेजारच्या डेस्कवरच्या माणसाने "ओळ चाळीसवर तुझी चूक होती, सांगितल्यावर तासाभरात दुरुस्त केलीस, टेस्टही लिहिलीस" असं लिहिलं, तर त्याला किंमत असते. पत्र वाचणारी कमिटी वेडी नाहीये. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची जी संघटना आहे, एएएमसी, तिने पत्र लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत. स्वतः प्रत्यक्ष पाहिलेल्या वागण्याबद्दल लिहा, तुमच्या लॅबचं किंवा कोर्सचं वर्णन नको, मार्क आम्हाला दिसतातच तेव्हा संदर्भ सांगणार असाल तरच त्यांचा उल्लेख करा. तुलना केलीत तर कोणाशी केली तेही सांगा. म्हणजे 'उत्तम विद्यार्थिनी' चालणार नाही, 'शंभरांत पहिल्या पाचांत, आणि ते का' असं हवं.

बहिणीची स्वतःची यादी वेगळी होती. तिच्यात पहिलं नाव बायोलॉजीच्या प्रोफेसरचं, कारण तिथे ए मिळाला होता. तीनशे मुलांचा वर्ग. ही मागून पाचव्या रांगेत बसायची, परीक्षा द्यायची, निघून यायची. तिने ई-मेल केला, प्रोफेसरने दोन ओळींत उत्तर दिलं : लिहायला हरकत नाही, पण मी तुला ओळखत नसल्यामुळे पत्र सर्वसाधारण होईल, तुला माझ्यापेक्षा चांगलं कोणीतरी मिळेल.

पोरगी रडली. मामा भडकला. "ए द्यायला येतो आणि पत्र द्यायला हात दुखतो?"

माझं मत विचाराल तर त्या प्रोफेसरने उपकार केले. नाही म्हणणारा माणूस परवडला. हो म्हणून चार कोमट ओळी लिहिणारा तुम्हाला बुडवतो, आणि बुडालो हे तुम्हाला कधी कळतही नाही. इथली मुलं म्हणूनच नुसतं "पत्र द्याल का" असं विचारत नाहीत, "जोरदार पत्र देऊ शकाल का" असं विचारतात. समोरच्याला सुटायला वाट ठेवायची. आपल्याला हे जमत नाही. आपण सरांपुढे उभे राहतो, हात मागे बांधतो आणि "सर, ते जरा रेकोचं होतं" म्हणतो.

मग मी तिला विचारलं, आख्ख्या कॉलेजात तुला नावाने ओळखणारे किती जण? बराच विचार करून तिने ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या प्रोफेसरचं नाव घेतलं. तिथे बी प्लस. पहिल्या मिडटर्मला दाणकन आपटली होती, मग सेमिस्टरभर दर आठवड्याला त्यांच्या ऑफिस अवर्सना जाऊन बसायची आणि फायनलला वर आली. "पण दादा, बी प्लसवाल्याकडून कसं मागू?" अगं बाई, त्याच्याकडूनच माग. पडलेली आणि उठलेली अशा दोन्ही अवस्थांत तुला पाहिलेला तो एकटाच प्राणी आहे. तुला रोज तेच करायचंय पुढे.

दुसरी व्यक्ती म्हणजे लॅबमधली पोस्टडॉक, जिच्या हाताखाली ही दोन उन्हाळे काम करत होती. पत्रावर लॅबप्रमुखाची सही लागते, पण पोस्टडॉकने लिहायचं आणि दोघांनी सही करायची ही इथली रूढ पद्धत आहे. तिसरी, नर्सिंग होममध्ये व्हॉलंटियर मुलांचं बघणारी बाई. तिच्या नावापुढे एकही पदवी नाही, पण ही म्हाताऱ्या माणसांशी कशी बोलते ते तिने पाहिलंय. मला विचाराल तर तेच पत्र मी सगळ्यात आधी वाचेन.

यात एक गोष्ट मला खुपतेच, ती लिहून टाकतो. ही पत्रांची पद्धत बोलक्या मुलांना झुकतं माप देते. जो ऑफिस अवर्सना जाऊन गप्पा मारू शकतो त्याला पत्र मिळतं. त्या वेळेत दुकानात शिफ्ट करणाऱ्याला, किंवा घरात "सरांना उगाच त्रास देऊ नये" हे ऐकत वाढलेल्याला मिळत नाही, तो कितीही लायक असला तरी. नीटच्या आकड्याला निदान लाजाळूपणा कळत नाही. पण म्हणून नुसता आकडा बरा, असंही मला म्हणवत नाही.

मग मामाने पुढचा मुद्दा काढला. एक प्रश्न असतो, पत्र बघण्याचा हक्क सोडता का? १९७४ चा फर्पा म्हणून कायदा आहे, त्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघण्याचा हक्क दिलाय, आणि पत्रांपुरता तो सोडता येतो. बहुतेक सगळे सोडतात, कारण गुप्त नसलेल्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार? मामा म्हणाला, "आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचं नाही? हा काय न्याय?"

इथे मी जरा गप्प झालो. कारण माझी रेकोपत्रं मी फक्त पाहिली नव्हती. मी ती लिहिली होती.

एमएसला अर्ज करताना पुण्याच्या आमच्या कॉलेजात रिवाजच होता. सर म्हणायचे, "ड्राफ्ट घेऊन ये." तीन सरांची तीन पत्रं मी एका रात्रीत बसून लिहिली. तिन्ही एकाच माणसाची वाटू नयेत म्हणून एकात टाइम्स न्यू रोमन, दुसऱ्यात कॅलिब्री, आणि तिसऱ्यात मुद्दाम दोन व्याकरणाच्या चुका. एका सरांनी तर सबमिशनच्या गर्दीत आपला मेल उघडून दिला आणि म्हणाले, तूच अपलोड कर रे. "मी माझ्या पंधरा वर्षांच्या अध्यापनात इतका जिज्ञासू विद्यार्थी पाहिला नाही" हे वाक्य माझं आहे. त्याच वाक्याच्या जोरावर मी आज इथे बसून हे लिहितोय. सगळेच करत होते हे खरंय. आणि आजतागायत मला माहीत नाही की त्या तिघांपैकी एकाचं तरी माझ्याबद्दल खरं मत काय होतं. बहुधा काहीच नव्हतं.

हे सगळं मामाला माहीत आहे, मीच एकदा हसत हसत सांगितलं होतं. त्यामुळे तो शेवटी म्हणाला, "हे बघ, डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय. ते म्हणाले, ड्राफ्ट पाठवा, मी सही करतो. तू लिहून दे. तुला अनुभव आहे."

मी नाही म्हटलं. वर हेही सांगितलं की असल्या गडबडीची एएएमसी चौकशी करते आणि अहवाल अर्ज केलेल्या कॉलेजांकडे जातो. मामा म्हणाला, "स्वतःच्या वेळेस बरं चाललं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये. बहीण मात्र पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलली, "बाबा, मला ते पत्र नकोय," आणि वर निघून गेली.

केमिस्ट्रीच्या प्रोफेसरने तिला येत्या गुरुवारी अर्धा तास बोलावलंय. सीव्ही आण आणि डॉक्टर का व्हायचंय ते सांग, म्हणालेत. ती घाबरलीये. कार्डिऑलॉजिस्ट काका अजून ड्राफ्टची वाट बघत असतील. त्यांना काय सांगायचं ते मामाला सुचत नाहीये, आणि मामाचा मला फोन नाही. मामीने मात्र त्या दिवशी निघताना चार थालीपीठं बांधून दिली होती.