जमीन विकू नका, खोली द्या

मालवण, तारकर्ली, देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या रापणकर, होडीवाल्या आणि मासे विकणाऱ्या बंधुभगिनींनो,

बांगडा पूर्वीसारखा किनाऱ्याला लागत नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्धचा आपला झगडा चालूच राहील. तोवर घर चालायला हवे, आणि त्याला पर्यटन हा एक मार्ग आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. पर्यटक आले, पैसाही आला. पण तो राहतो कोणाकडे?

किनाऱ्यालगतची जमीन दलाल मागतो तेव्हा आकडा मोठा वाटतो. त्या जमिनीबरोबर काय जाते ते सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. जाळी वाळवायची जागा जाते, होडी वर ओढायची वाट जाते. रापणीला तर लांबच लांब मोकळी वाळू लागते. जाळ्याचे दोर दोन्ही बाजूंनी ओढणारी माणसे हॉटेलांच्या कुंपणांमधून आणि छत्र्यांमधून कशी सरकणार? आणि पर्यटक जी रापण बघायला येतो, तीच उरली नाही तर तो आपल्याकडे का थांबेल?

म्हणून आहे त्या घरातली खोली द्या. २०१९ची किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना मच्छीमारांना राहत्या घरात पर्यटक ठेवू देते. अट एवढीच, की घराचे जोते आणि दर्शनी रूप बदलायचे नाही. राज्य सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करा. ताटात सुरमईच हवी म्हणून हटून बसणाऱ्याला एकदा पेडव्यांचे तिखले वाढून बघा. दुसऱ्या दिवशी तोच मागेल.

बायकांना यात मदतनीस समजू नका. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. पैसा त्यांच्या हातात येतो, आणि कांदळवन तोडू नये असे गावालाही वाटू लागते.

होडीबाबत मात्र हयगय नको. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. तो मेरीटाईम बोर्डाकडून वेगळा घ्यावा लागतो. मे २०२२मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. लाईफ जॅकेट नको म्हणणाऱ्याला होडीत घेऊ नका, मग तो कितीही पैसे देवो.

आणखी एक हिशेब. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, आणि पावसात जलक्रीडाही बंद. पर्यटनाने ते दोन महिने आपोआप भरून निघत नाहीत. दिवाळी ते मे या काळात बाजूला टाकलेल्या पैशावरच ते काढावे लागतात. जाळे सोडून निव्वळ पर्यटकांवर बसणाऱ्यांनी हे आधी मोजावे.

यंदा होड्या वर ओढण्याआधी प्रत्येक वाडीने एकदा बसावे. रापणीची वाळू कुठून कुठवर, ते ठरवून ग्रामसभेत ठराव घ्यावा. कोणाकडे किती खोल्या ते लिहून काढावे, आणि पर्यटक पाळीने वाटावेत. जमीन विकायची वेळच आली, तर दलालाआधी भाऊबंदांना आणि मच्छीमार सोसायटीला विचारावे.

आपलेच,
किनाऱ्यावरचे काही रापणकर आणि खोल्या देणारी घरे