क्रिएटिनिन नॉर्मल, पण लघवी तपासली का?

‘डॉक्टर, क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे किडनी ठणठणीत ना?’ अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या दवाखान्यांत हा प्रश्न रोजचाच. त्याला सरळ ‘हो’ म्हणता येत नाही. का, ते कळण्यासाठी मूत्रपिंडाच्या गाळणीत थोडे डोकवावे लागेल.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतील केशवाहिन्यांना बाहेरून ‘पोडोसाइट’ नावाच्या अनेक पायांच्या पेशी मिठी मारून बसलेल्या असतात. त्यांचे पाय दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसे एकमेकांत गुंफलेले. मधल्या फटीत नेफ्रिन या प्रथिनाचे जाळे असते; दोन्ही बाजूंचे रेणू तिथे एकमेकांना धरून ठेवतात. इंटिग्रिन हे दुसरे प्रथिन पेशीचा पाय खालच्या पडद्याला घट्ट चिकटवते. हे काम नुसत्या डिंकाचे नव्हे. पकड शाबूत आहे ही खबर हीच प्रथिने पेशीच्या आत पोचवतात, आणि पेशीचा आकार व आयुष्य त्या खबरीवर अवलंबून असते. नेफ्रिनचा जनुक १९९८ साली सापडला, तो जन्मतःच लघवीतून प्रथिने वाहून जाणाऱ्या फिनलंडमधील बाळांच्या आजाराचा शोध घेताना. एका प्रथिनात दोष, आणि सारी गाळणीच फुटकी!

मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच पकड हळूहळू सैल करतात. सुटलेली पेशी लघवीवाटे निघून जाते. तिच्या जागी नवी सहसा येत नाही. लघवीत अल्ब्युमिन उतरू लागते, पण उरलेल्या गाळण्या भार ओढत असल्याने क्रिएटिनिन पुष्कळ दिवस नॉर्मलच दिसते.

कधी कारण आरशासमोरच्या डबीत असते. २०२३ साली अकोल्याच्या एका कुटुंबातील तिघींचा मूत्रपिंडविकार मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात उलगडला, तेव्हा बोट गेले ते गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्याकडे. अशा क्रीममुळे होणाऱ्या एका विकारात शरीराची प्रतिपिंडे नेमकी पोडोसाइटच्या पायाखाली साचतात आणि पाय आक्रसतात. चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. पण लेबलच नसलेल्या डबीला नियम कोण विचारतो?

आपल्या उपनगरांत गणेशोत्सवात, सोसायट्यांत आरोग्य शिबिरे होतात. साखर, रक्तदाब, वजन सारे पाहतात; लघवीची बाटली मागायला मात्र संकोच! माझ्या मते ज्या शिबिरात मधुमेह्यांची लघवी तपासली जात नाही, ते अर्धेच शिबिर. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण पाहावे. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवे. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून जास्त आल्यास घाबरू नये, तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासावे. तरीही जास्तच राहिला, तर ही गळती कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत आणि ती लवकर सुरू केलेली बरी. लघवीला साबणासारखा फेस येऊन तो टिकत असेल, तर वर्षाची वाट पाहू नये.