कोठडीतील दूरध्वनी

१४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांच्या नागपूर येथील कार्यालयात धमकीचे आणि शंभर कोटींच्या खंडणीचे दूरध्वनी आले. पोलीस माग काढीत पोहोचले ते बेळगावकरांच्या उंबरठ्यावर, हिंडलग्याच्या कारागृहात! तेव्हापासून तुरुंग आणि मोबाइल हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडे जॅमर, झडती आणि जादा शिक्षा यांपलीकडे बोलणे जात नाही.

बंदोबस्त हवाच, त्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु चोरटा मोबाइल कधी भिंतीवरून फेकला जात असला तरी पुष्कळदा तो फाटकातूनच आत जातो, आणि फाटकावर कैदी पहाऱ्याला नसतो. केंद्राने २०२३ साली राज्यांना पाठविलेल्या आदर्श कारागृह कायद्यात कैद्याबरोबर तुरुंगाच्या नोकरालाही शिक्षा सुचविली आहे, ती उगीच नव्हे.

पण हा चोरटा मोबाइल मिळतो कोणाला? ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरांत पंचाहत्तरांहून अधिक जणांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. यांतील गरिबाला वकिलाकडे निरोप धाडायचा असतो, जामीनदार शोधायचा असतो, पुढची तारीख घरी कळवायची असते. मुलाखतीसाठी त्याच्या म्हाताऱ्या आईने रोजगार बुडवून एस.टी.चे भाडे भरावयाचे, हा दंड कोणत्या न्यायाधीशाने ठोठावला?

इंग्लंडने २०१८ साली वीस तुरुंगांतील कोठड्यांपर्यंत दूरध्वनी नेण्याचे ठरविले. तो मोबाइल नव्हे. मंजूर क्रमांकांखेरीज तो लागत नाही, बाहेरून त्यावर कोणास बोलता येत नाही, आणि संभाषण नोंदले जाते. त्याच्या आदल्या वर्षी लॉर्ड फार्मर यांच्या अहवालात, नातलग भेटीस येणारे कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण इतरांहून ३९ टक्क्यांनी कमी असल्याचे नमूद झाले होते. ज्याचे घर शाबूत तोच मुळात सुधारण्याजोगा, असेही कोणी म्हणेल. पण मग ते घर तुटू न देणे हेच शहाणपणाचे नाही काय?

साक्षीदारांना धमकावले जाईल हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेता कामा नये. क्रमांक पडताळल्याविना मंजूर होऊ नये, फिर्यादीचा तर कधीच नव्हे. दुसरा धोका ठेकेदाराचा. अमेरिकेत खाजगी कंपन्यांनी कैद्यांच्या कुटुंबांना इतके नागवले की त्या दरांना आळा घालण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

आपल्याकडे कोठडीपेक्षा बराकच अधिक. तेव्हा प्रत्येकाच्या उशाशी यंत्र द्या, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक बराकीत भिंतीला पक्का बसविलेला एक दूरध्वनी असावा, दर सरकारने ठरवावा, आणि वकिलाशी होणारे बोलणे कोणी ऐकू नये. हिंडलग्यापासूनच आरंभ करण्यास काय हरकत आहे?