प्रौढांचे वर्ग शेतात भरवा

कपाशीची वीस हिरवी बोंडे तोडायची, फोडायची आणि आत गुलाबी बोंडअळी आहे का ते पाहायचे. वीसपैकी दोन किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के. नुकसानीची पातळी गाठली, आता फवारणीचा निर्णय घ्यायचा. टक्केवारीचा याहून चांगला धडा कोणत्या फळ्यावर शिकवता येईल?

जालना जिल्ह्यात ‘पोकरा’ या कृषी प्रकल्पातून भरलेल्या शेतीशाळांची रीत हीच. गटाने शेतात फिरायचे, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, पाहिलेले तक्त्यावर चित्र काढून मांडायचे आणि चर्चेतून उपाय ठरवायचा. १९८९ मध्ये इंडोनेशियाच्या भातशेतीत ही पद्धत सुरू झाली. डोळे, हात, हिशेब आणि बोलणे, सगळेच इथे कामाला लागते.

प्रौढांना शिकवणाऱ्यांना मात्र वेगळाच सल्ला अनेकदा मिळतो: हा पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी, असे अध्ययनशैलीनुसार गट पाडा. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्ता सिद्धांताचा आधार घेतला जातो. बुद्धी एकाच मापाने मोजू नका, हा गार्डनर यांचा आग्रह मोलाचा आहे. पण बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे, हे त्यांनी स्वतःच बजावले आहे. शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढला.

त्यामुळे माणसांवर शिक्के मारणे थांबवावे. एकच गोष्ट सर्वांना अनेक अंगांनी भिडू द्यावी.

‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढील निरक्षरांना शिकवून त्यांची वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची १५० गुणांची चाचणी घेतली जाते. तिची तयारी नुसत्या पुस्तकावर का व्हावी? किलोमागे मजुरी घेऊन कापूस वेचणारी बाई रोज वजन आणि पैशांचा हिशेब तोंडी करते. तोच हिशेब तिने आधी मोठ्याने सांगावा, मग काट्यावर पडताळावा आणि शेवटी वहीत मांडावा. वाचनासाठी कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना घ्यावी; ती वाचता येणे तिच्या जिवाशी निगडित आहे.

जालना जिल्ह्यात खरपुडी आणि बदनापूर अशी दोन कृषी विज्ञान केंद्रे आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने त्यांना आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना सोबत घेऊन येत्या खरिपात ‘उल्लास’चे वर्ग शेतीशाळांना जोडावेत. वर्गाची वेळ मात्र वेचणीला जाणाऱ्या बायकांना विचारूनच ठरवावी.