घाट, न्यूट्रल आणि पाव लिटर डिझेल

'ब्रेक फेल' हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा शब्द आहे. घाटात गाडी कठड्यावर आपटली, कुणीतरी कुणाच्या तरी मागून घुसला, की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य येतं: ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला. जणू बिचारे ब्रेक त्या दिवशी आजारी होते आणि रजेचा अर्ज न देता गैरहजर राहिले. माझं म्हणणं सरळ आहे. पुष्कळदा ब्रेक फेल होत नाहीत, आपण ते फेल करतो. वरून 'डिझेल वाचवलं' म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझे मामा. मामांची एक पिकअप आहे. सीझनला पाचगणी-महाबळेश्वरकडून स्ट्रॉबेरी भरून खाली आणतात, एरवी भाजी, खतं, मिळेल ते भाडं. मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर पसरणी घाट उतरत होतो. मागे चांगला टनभर माल. टेबललँड मागे पडलं, उतार लागला आणि मामांनी अगदी सहज, पान तोंडात टाकावं तसा, गियर न्यूट्रलला टाकला.

"मामा, गियरमध्ये ठेवा की."

"अरं, डिझेल काय झाडाला लागतंय का? देवानं फुकटचा उतार दिलाय, आन् इंजिनाला कशाला बोंबलायला लावायचं?"

निम्म्या घाटानंतर जळका वास यायला लागला. वाई खाली दिसायला लागली तोवर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली जात होतं. मामा काही बोलले नाहीत, पण पान चघळायचे थांबले. शेवटी एका रुंद वळणावर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली. उतरून बघतो तर मागच्या चाकांतून धूर. मामांनी बाटली काढली आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायला निघाले! मी अक्षरशः हात धरला. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर तो तडकू शकतो. अर्धा तास तसेच उभे राहिलो, चहा प्यायलो, मग पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये मुकाट खाली आलो.

आता जरा हिशोब करू. (मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरला गेल्याचं पाप असं अधूनमधून फेडावं लागतं.) पाचगणी ते वाई उंचीतला फरक साधारण ५५० मीटर. गाडी मालासकट ३ टन धरा. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, म्हणजे सुमारे १.६ कोटी ज्यूल. घरच्या भाषेत साडेचार युनिट वीज. किंवा पन्नास लिटर गार पाणी उकळायला लागेल इतकी उष्णता. घाट बारा-तेरा किलोमीटरचा, ताशी तीसने उतरलात तर पंचवीसेक मिनिटं. म्हणजे २ किलोवॅटचे पाच गीझर पंचवीस मिनिटं सलग चालू. थोडी ऊर्जा हवेत आणि टायरमध्ये जाते, कबूल. उरलेली कुठेतरी जायलाच हवी. न्यूट्रलमध्ये तिला जायला एकच जागा: चार चाकांतले ब्रेक.

मग ब्रेकचं काय होतं? लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, म्हणून पेडल जास्त दाबावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण ओल धरलेल्या त्याच ऑइलसाठी ती मर्यादा १४० अंश आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल फळीपर्यंत दाबता आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. पंधरा मिनिटांनी गार झाल्यावर सगळं पुन्हा ठणठणीत! म्हणून मेकॅनिक म्हणतो, "ब्रेक तर चांगले आहेत की."

याउलट गाडी खालच्या गियरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर इंजिन गाडीला ओढत नाही, गाडी इंजिनाला ओढते. पिस्टनचं घर्षण, हवा आत घेणं आणि बाहेर ढकलणं, या सगळ्यात ऊर्जा खर्च होते आणि उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी थ्रॉटलची झडप त्या अर्थाने नसते, त्यामुळे त्याचं ब्रेकिंग तुलनेने नरम. म्हणूनच तर भरलेल्या पिकअपला चौथा-पाचवा गियर काही कामाचा नाही, दुसरा किंवा तिसराच हवा. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. यापेक्षा चांगलं मॅन्युअल मी अजून वाचलेलं नाही.

आणि आता मामांचा लाडका मुद्दा, डिझेल. हाच मुळात उलटा आहे. गाडी गियरमध्ये असताना पाय काढला की आजच्या इंजिनात इसीयू डिझेल तोडतो, इंजेक्टर बंद. चाकं इंजिन फिरवतायत, त्याला डिझेल कशाला? जुन्या पंपाच्या गाड्यांतही गव्हर्नर हेच काम करायचा. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगचं डिझेल जळतच राहतं. अडीच लिटरच्या इंजिनाला घाटभर पाव लिटरच्या आसपास. म्हणजे मामा डिझेल वाचवत नव्हते, वीस-पंचवीस रुपयांचं जाळत होते. वर लायनर वेगळे.

ही समजूत आली कुठून? बहुधा कार्ब्युरेटरच्या जमान्यातून. तेव्हाचं पेट्रोल इंजिन गियरमध्ये उतरतानाही पेट्रोल ओढत राहायचं. आजोबांच्या गाडीबाबत ते खरं असेल. गाडी बदलली, समज तशीच वारशात आली. अगदी सौम्य उतारावर, जिथे गियरमध्ये गाडी मंदावते आणि ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे न्यूट्रलने थेंबभर वाचेलही. पण घाट म्हणजे सौम्य उतार नव्हे.

काही महाभाग याच्याही पुढे जातात आणि किल्लीच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम पंप बंद. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंग जातं ते वेगळंच. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या. ब्रेक निकामी नव्हते, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं प्राथमिक तपासात दिसल्याच्या बातम्या नंतर आल्या. त्या रस्त्याने आपल्यातले कितीजण रोज हिंजवडीला जातात!

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मला मान्य आहे. "लायनर स्वस्त, क्लच महाग. मग इंजिनावर ताण कशाला?" शहरात, प्रत्येक सिग्नलला चौथा-तिसरा-दुसरा करत थांबणाऱ्यांना हे लागू आहे. तिथे ब्रेकच वापरा, त्यासाठीच ते दिलेत. पण घाटात गियर एकदा टाकून क्लच पूर्ण सोडला की क्लच घसरतच नाही, मग झिजेल कसा? झिजतो तो वेगात असताना खालचा गियर कोंबून क्लच अर्धवट धरणाऱ्यांचा. तसं कोंबणं धोक्याचंही आहे, कारण चाकांनीच इंजिन लाल रेषेपलीकडे पळवलं तर कुठलाही इसीयू ते थांबवू शकत नाही. म्हणून गियर उतार लागण्याआधी. आणि पावसात रिकामी पिकअप असेल तर क्लच सावकाश सोडा, कारण इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका असतो. ब्रेकही वापरायचाच, पण सतत पाय ठेवून नाही. नीट दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा.

पण मामांना तरी किती नावं ठेवायची? त्यांना हे शिकवलं कुणी? लायसन्सच्या परीक्षेत आपण आठ काढतो, रिव्हर्स घेतो, साहेब सही करतो. घाटाच्या राज्यात घाट परीक्षेत नाही. भाड्याच्या गाड्यांचे मालक ड्रायव्हरला रोज ॲव्हरेज विचारतात, लायनर कधी बदलले हे कोण विचारतो? आणि आपली आयटीवाली मंडळी, ऑटोमॅटिक एसयूव्ही घेऊन लोणावळ्याहून खोपोलीला डी मध्ये, लाल दिवा पेटवत उतरतात. मॅन्युअल मोड नावाचं बटण त्यांनी डिलिव्हरीच्या दिवसापासून दाबलेलं नसतं. मित्रांनो, सगळा प्रोग्रॅम कॅच ब्लॉकमध्ये लिहिणाऱ्या ज्युनियरला आपण रिव्ह्यूमध्ये फाडून खातो ना? मग घाटात काय करतोय आपण?

असो. मामा आता घाटात तिसरा टाकतात, मी शेजारी असलो तर दुसरा. गेल्या आठवड्यात फोन आला, "लायनर बघितलं मेकॅनिकनं. म्हणला, आजून बरंच चालतील."

"छान! आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?"

"त्ये बी बदलायचं असतंय?"

येत्या शनिवारी वाईला चाललोय. ऑइलचा डबा इथूनच घेऊन.